वाचकांचे प्रश्न : ज्या ग्रंथालयाने पुस्तक नाकारले, तिथेच उभे राहिलेले स्मारक

गेल्या अंकात अंतराळवीरांच्या स्मारकांविषयी छापलेल्या टिपणात लेक सिटी या अमेरिकेतील लहानशा गावाचा उल्लेख अवघ्या एका वाक्यात आला होता. ‘चॅलेंजर’ यानाच्या अपघातात मृत्यू पावलेले डॉ. रोनाल्ड मॅकनेअर यांचे स्मारक त्यांच्या गावातील जुन्या ग्रंथालयात आहे आणि याच ग्रंथालयाने त्यांना लहानपणी पुस्तके देण्यास नकार दिला होता, असे ते वाक्य होते. त्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर पूर्णपणे याच विषयाला देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : ग्रंथालयात नेमके काय घडले होते? थोर माणसांच्या बालपणाभोवती मागाहून अनेक कथा रचल्या जातात. ही हकीकत तशीच नसेल कशावरून? मला ती वर्गात सांगायची आहे, म्हणून खात्री करून घ्यावीशी वाटते. — एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि वर्गात सांगण्याआधी ती विचारावीशी वाटली, याचे समाधान वाटते. ही हकीकत प्रामुख्याने रोनाल्ड यांचे थोरले भाऊ कार्ल मॅकनेअर यांच्याकडून आपल्यापर्यंत आली आहे. सामान्य माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून जतन करणाऱ्या ‘स्टोरीकॉर्प्स’ या अमेरिकी उपक्रमासाठी त्यांनी ती सांगितली आणि पुढे ती रेडिओवरून देशभर ऐकली गेली. म्हणजे तिचा आधार कुटुंबाची आठवण हा आहे. मात्र ही आठवण त्या घरात वाढलेल्या आणि त्या गावाचे रीतिरिवाज स्वतः सोसलेल्या माणसाची आहे.

साउथ कॅरोलायना राज्यातील फ्लॉरेन्स परगण्यात, तंबाखू, कापूस आणि शेंगभाज्यांच्या शेतीवर जगणारे लेक सिटी हे गाव. तिथे १९५९ साली आठ-नऊ वर्षांचा रोनाल्ड घरापासून सुमारे मैलभर चालत सार्वजनिक ग्रंथालयात गेला. ग्रंथालयाच्या नावात ‘सार्वजनिक’ हा शब्द असला तरी त्याचा वापर गोऱ्या रहिवाशांपुरताच होता आणि हे गावातल्या लहान मुलांनाही ठाऊक होते. रोनाल्डने आपल्याला हवी ती पुस्तके निवडली, ती घेऊन तो रांगेत उभा राहिला आणि त्याची पाळी आली तेव्हा ग्रंथपाल बाईंनी त्याला सांगितले की काळ्या लोकांना येथून पुस्तके दिली जात नाहीत आणि तो निघून गेला नाही तर पोलिसांना बोलवावे लागेल. त्यावर तो मुलगा न रडता, न ओरडता नोंदणीच्या टेबलावर चढून बसला आणि आपण थांबतो, असे म्हणाला. बाईंनी खरोखरच पोलिसांना आणि त्याच्या आईला बोलावले. दोन पोलीस आले, त्यांनी पाहिले तर ज्या गोंधळासाठी त्यांना बोलावले होते तो गोंधळ म्हणजे टेबलावरून पाय सोडून शांत बसलेला एक मुलगा होता. मुलाला पुस्तके देऊन का टाकत नाही, असे शेवटी पोलिसानेच विचारले. पुस्तकांची नीट काळजी घेतली जाईल अशी हमी आईने दिली, बाईंनी नाइलाजाने पुस्तके पुढे केली आणि ‘अशा वेळी काय म्हणायचे असते?’ असे आईने विचारताच मुलाने बाईंचे आभार मानले.

वर्गात हा प्रसंग सांगताना मुलाच्या धिटाईवर भर देणे स्वाभाविक आहे, परंतु मला या हकिकतीत त्याची आई अधिक महत्त्वाची वाटते. पर्ल मॅकनेअर स्वतः शिक्षिका होत्या. मुलाला तुरुंगात टाकू नकोस, अशी प्रार्थना करीत त्या ग्रंथालयात पोहोचल्या, असे कार्ल सांगतात. ही भीती अवास्तव नव्हती. चारच वर्षांपूर्वी शेजारच्याच नव्हे पण त्याच दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाची, एका गोऱ्या स्त्रीशी आगाऊपणा केल्याच्या आरोपावरून हत्या झाली होती आणि मारेकऱ्यांना न्यायालयाने निर्दोष सोडले होते. खुद्द लेक सिटीत त्याच वर्षी काय झाले, ते पुढच्या एका उत्तरात येईल. इतकी धास्ती मनात असताना पोलिसांच्या देखत मुलाला उठवून घरी न नेता, त्याच्या पुस्तकांची हमी घेणे आणि वर त्याला आभार मानण्याची आठवण करून देणे, हे ज्या बाईला जमले तिच्याविषयी मुलांना अवश्य सांगावे.

प्रश्न : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधील वर्णभेद १९५४ मध्येच घटनाबाह्य ठरवला होता. मग १९५९ मध्ये ग्रंथालय असा नकार कसा देऊ शकत होते? — एक वकील, म्हापसा

उत्तर : तो निकाल सार्वजनिक शाळांपुरता होता आणि शाळांमध्येही दक्षिणेकडील राज्यांनी त्याची अंमलबजावणी वर्षानुवर्षे टाळली. ग्रंथालये, बगीचे, उपाहारगृहे येथील दारे उघडण्यासाठी स्वतंत्र झगडे करावे लागले. साउथ कॅरोलायनातल्याच ग्रीनव्हिल शहरात १६ जुलै १९६० रोजी आठ काळे विद्यार्थी ग्रंथालयात जाऊन वाचत बसले म्हणून त्यांना अटक झाली. त्यांच्यात पुढे नागरी हक्क चळवळीचे नेते म्हणून प्रसिद्धीस आलेले जेसी जॅक्सन होते. प्रकरण न्यायालयात गेल्यावर शहराने आधी ग्रंथालयच सर्वांसाठी बंद केले आणि नंतर ते सर्वांसाठी उघडले. सार्वजनिक जागांमधील भेदभावाला देशभर मनाई करणारा नागरी हक्क कायदा १९६४ साली आला.

याच काळातली आणखी एक घटना मॅकनेअर यांच्या आयुष्याशी जोडलेली आहे. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे चार काळे विद्यार्थी वूलवर्थ दुकानातील फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले आणि खाद्यपदार्थ मिळाले नाहीत तरी उठले नाहीत. तिथून अशा ठिय्या आंदोलनांची लाट दक्षिणेत पसरली. ते चौघे नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी या महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. लेक सिटीतील कार्व्हर हायस्कूलमधून १९६७ मध्ये पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेले रोनाल्ड मॅकनेअर पुढील शिक्षणासाठी याच महाविद्यालयात गेले आणि तिथून १९७१ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली.

प्रश्न : गावाला खरोखर पश्चात्ताप झाला म्हणून हे स्मारक झाले की आपल्या गावचा माणूस जगप्रसिद्ध झाला म्हणून? दुसरे खरे असेल तर अशा स्मारकाला फारशी किंमत देऊ नये, असे मला वाटते. — एक वाचक, नांदेड

उत्तर : गावाच्या मनात काय होते हे कोणी सांगू शकणार नाही. परंतु गावाने कोणती गोष्ट कधी केली, हा क्रम आपल्यासमोर आहे आणि तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल, कारण लेक सिटीवर असलेले ओझे केवळ एका ग्रंथालयाचे नव्हते.

१८९७ साली अध्यक्ष मॅकिन्ली यांच्या प्रशासनाने फ्रेझियर बेकर या काळ्या शिक्षकाची लेक सिटीचे पोस्टमास्तर म्हणून नेमणूक केली. गोऱ्या रहिवाशांना ती सहन झाली नाही. त्यांनी बहिष्कार घातला, तक्रारी केल्या, धमक्या दिल्या आणि अखेर २२ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री, बेकर यांच्या ज्या घरातून पोस्टाचे काम चाले त्या घराला जमावाने आग लावली व बाहेर पडणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. बेकर आणि त्यांची तान्ही मुलगी ज्युलिया जागीच मारले गेले. पत्नी लॅव्हिनिया आणि इतर मुले कशीबशी वाचली, त्यांतील बहुतेकांना गोळ्या लागल्या होत्या. पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी वॉशिंग्टनला जाऊन अध्यक्षांकडे न्याय मागितला. संघराज्याच्या न्यायालयात खटलाही उभा राहिला, पण ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि कोणालाही शिक्षा झाली नाही.

दुसरी घटना १९५५ ची. शेजारच्या क्लॅरेंडन परगण्यात काळ्या मुलांना शाळेसाठी बस मिळावी, या साध्या मागणीतून ‘ब्रिग्ज विरुद्ध इलियट’ हा खटला उभा राहिला होता. १९५४ च्या ज्या निकालाचा वर उल्लेख झाला, त्यात एकत्र केलेल्या खटल्यांपैकी हा एक. त्यामागचे प्रमुख संघटक धर्मोपदेशक जोसेफ डिलेन यांची त्यांच्या चर्चसंस्थेने पुढे लेक सिटीत बदली केली. ऑक्टोबर १९५५ मध्ये लेक सिटीतील त्यांचे चर्च जाळण्यात आले. त्यानंतर काही दिवसांतच रात्री त्यांच्या घरावर गोळीबार झाला, त्यांनी उलट गोळ्या झाडल्या आणि मग हल्लेखोरांऐवजी त्यांच्यावरच वॉरंट निघाले. ते न्यू यॉर्कला निघून गेले, ते पुन्हा साउथ कॅरोलायनात राहायला परतू शकले नाहीत. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्यावरील आरोप अधिकृतपणे रद्द व्हायला २००० साल उजाडावे लागले. चर्च जळाले तेव्हा रोनाल्ड जेमतेम पाच वर्षांचा होता. ग्रंथालयाच्या टेबलाजवळ त्याची आई प्रार्थना करीत होती, तेव्हा ही घटना गावातल्या प्रत्येक काळ्या कुटुंबाच्या आठवणीत ताजी होती.

आता स्मारकांचा क्रम पाहा. २८ जानेवारी १९८६ च्या अपघातानंतर गावातून जाणाऱ्या मुख्य महामार्गाच्या भागाला मॅकनेअर यांचे नाव मिळाले, ज्या कार्व्हर शाळेत ते शिकले तिलाही त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या नावाचे स्मृती-उद्यान झाले, तिथे त्यांचा पुतळा आहे, आणि २००४ मध्ये त्यांचे अवशेष गावातील आधीच्या दफनभूमीतून त्या उद्यानात आणून ठेवण्यात आले. हे सगळे आदराने केलेले आहे, पण यांतील कोणत्याही गोष्टीत गावाला स्वतःविषयी काही कबूल करावे लागत नाही. रस्त्याला नाव देताना कोणालाही मान खाली घालावी लागत नाही. जुन्या ग्रंथालयाची इमारत ‘रोनाल्ड ई. मॅकनेअर लाइफ हिस्ट्री सेंटर’ म्हणून खुली झाली ती २०११ च्या जानेवारीत, अपघाताला २५ वर्षे पूर्ण होताना, म्हणजे नकाराच्या घटनेनंतर पन्नासहून अधिक वर्षांनी. आणि फ्रेझियर बेकर यांचे नाव लेक सिटीच्या पोस्ट ऑफिसला २०१९ मध्ये मिळाले, म्हणजे त्यांच्या हत्येनंतर १२१ वर्षांनी.

माझ्या मते हा क्रम आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर देतो. सुरुवात अभिमानापासून झाली, यात शंका नाही. एखाद्या गावाचा मुलगा अंतराळात जातो आणि साऱ्या देशाच्या डोळ्यांदेखत मृत्यू पावतो, तेव्हा त्याचे नाव रस्त्याला द्यायला कोणाचीच हरकत नसते. परंतु अभिमानाने एकदा दार उघडले की त्याच दारातून अडचणीच्या गोष्टीही आत येऊ शकतात. या मुलाचे बालपण कसे गेले, असे पाहुणे विचारणारच आणि त्याचे प्रामाणिक उत्तर देताना ग्रंथालय टाळता येणार नाही. ज्या गावाने आपल्या अंतराळवीराविषयी खरे बोलण्याचे ठरवले, त्याला पुढे आपल्या पोस्टमास्तराविषयी गप्प राहणे कठीण गेले असावे, असे मला वाटते, जरी बेकर यांच्यासाठी झटणारे लोक वेगळे होते आणि त्यांचे कष्ट स्वतंत्र होते.

उत्पन्नाचा हेतूही असणार. तंबाखूची जुनी बाजारपेठ ओसरल्यानंतर सुमारे सहा हजार वस्तीच्या या गावाने बाहेरच्या लोकांना बोलावण्यासाठी बरेच केले आहे. २०१३ पासून तिथे दरवर्षी ‘आर्टफील्ड्स’ हा मोठा कलामहोत्सव भरतो, जुन्या गोदामांत चित्रे-शिल्पे मांडली जातात. स्मारकाला पाहुणे यावेत असे गावाला वाटत असेल तर त्यात गैर काय आहे? त्या पाहुण्यांना काय सांगितले जाते, याला महत्त्व आहे. ज्या इमारतीतून मुलाला घालवून देऊ पाहिले, तीच इमारत त्याच्या नावाने उभी करून तिथे घालवून देण्याची हकीकतही सांगितली जात असेल, तर मी त्या स्मारकाला पूर्ण किंमत देईन.

प्रश्न : मॅकनेअर यांचे वैज्ञानिक आणि अंतराळवीर म्हणून काम काय होते? अपघातापलीकडे त्यांच्याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. — एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : त्यांचे क्षेत्र लेसर भौतिकी. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथून त्यांनी १९७६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाच्या काळात त्यांच्या प्रयोगांच्या नोंदी असलेली बॅग चोरीला गेली आणि दोन वर्षांचे काम हातचे गेले, तेव्हा त्यांनी प्रयोग पुन्हा करून नोंदी नव्याने तयार केल्या. कॅलिफोर्नियातील ह्यूज संशोधन प्रयोगशाळेत काही काळ काम केल्यावर १९७८ मध्ये नासाने त्यांची निवड केली. त्या वर्षी आठ हजारांहून अधिक अर्जदारांतून ३५ जण निवडले गेले आणि नासाच्या अंतराळवीरांत स्त्रिया व काळे अमेरिकी नागरिक प्रथमच आले ते याच तुकडीतून. ‘चॅलेंजर’च्या अखेरच्या उड्डाणातील डिक स्कोबी, ज्युडिथ रेसनिक, एलिसन ओनिझुका आणि मॅकनेअर हे चौघेही एकाच १९७८ च्या तुकडीचे.

त्यांचे पहिले उड्डाण ३ ते ११ फेब्रुवारी १९८४ असे झाले. निळ्या पृथ्वीच्या वर, कोणत्याही दोरीशिवाय एकटा तरंगणारा अंतराळवीर हे छायाचित्र आपण पाहिले असेल. ते ब्रूस मॅककँडलेस यांचे आहे आणि याच मोहिमेतले आहे. त्याच मोहिमेत यानाच्या यांत्रिक बाहूच्या टोकावर माणूस उभा करून त्याला प्रथमच इकडून तिकडे नेण्यात आले आणि तो बाहू मॅकनेअर चालवीत होते. या कामाची कल्पना येण्यासाठी जरा तपशील सांगतो. कॅनडात बनवलेला हा बाहू सुमारे १५ मीटर लांब, खांदा, कोपर आणि मनगट अशा सांध्यांचा. चालवणारा यानाच्या मागच्या खिडकीशी उभा राहतो, त्याच्या दोन हातांत दोन मुठी असतात, एकीने टोक पुढे-मागे, वर-खाली सरकते तर दुसरीने वळते. खिडकीतून जे दिसत नाही ते कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहायचे. आणि टोकाला पायांच्या खाचांत बूट अडकवून उभा असतो तो आपला सहकारी. बाहू किंचित जास्त फिरला तर तो यानाच्या अंगावर आदळेल. अशा कामासाठी अत्यंत शांत हात लागतो आणि तो मॅकनेअर यांचा होता. १९८६ च्या उड्डाणातही हॅलेच्या धूमकेतूचे निरीक्षण करणारा ‘स्पार्टन’ हा छोटा उपग्रह बाहूने अलगद बाहेर सोडण्याच्या कामगिरीत त्यांचा वाटा असणार होता.

सॅक्सोफोनविषयी आणखी दोन वाचकांनी विचारले आहे. होय, ते उत्तम वाजवीत आणि पहिल्या उड्डाणात ते वाद्य त्यांनी यानात वाजवले. दुसऱ्या उड्डाणात फ्रेंच संगीतकार जाँ-मिशेल जार यांच्या एका रचनेसाठी अंतराळातून वादन करण्याचा बेत ठरला होता. तो राहून गेला.

प्रश्न : यान हवेत नष्ट झाले असताना त्यांची कबर गावात कशी? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यानाचे तुकडे झाले, परंतु अंतराळवीरांची केबिन समुद्रात पडली आणि मार्च १९८६ मध्ये ती समुद्रतळाशी सापडली. ओळख पटलेले अवशेष कुटुंबीयांच्या स्वाधीन करण्यात आले आणि जे वेगळे करता आले नाहीत ते आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत सातही जणांच्या सामायिक स्मारकाखाली ठेवण्यात आले. मॅकनेअर यांचे अवशेष लेक सिटीत आणले गेले.

कारणाविषयीही पत्रात विचारले आहे. उजव्या घनइंधन रॉकेटच्या सांध्यातील रबरी कडी त्या सकाळच्या थंडीत ताठरली आणि तिथून तप्त वायू बाहेर पडला. इतक्या थंडीत उड्डाण करू नये, असे रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्याच रात्री बजावले होते. तो सल्ला डावलला गेला.

प्रश्न : आमचे गाव सातारा जिल्ह्यात आहे. गावातील एक गृहस्थ शास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आले, दोन वर्षांपूर्वी त्यांचे निधन झाले. स्मारक समिती झाली आहे आणि निधीही जमत आहे. त्यांना लहानपणी शाळेत दाराबाहेर बसवत असत, हे गावातल्या जुन्या लोकांना माहीत आहे. समितीतल्या काहींचे म्हणणे असे की ते आता उकरून काढू नये, गावाची बदनामी होईल, छानसा पुतळा उभारावा. आपले मत काय? — समितीचे एक सदस्य

उत्तर : आपण स्पष्ट विचारले आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. पुतळा उभारण्यास माझा विरोध नाही, लेक सिटीतही पुतळा आहे. परंतु त्यांना दाराबाहेर बसवत असत ही गोष्ट वगळून स्मारक होणार असेल तर ते आपल्या शास्त्रज्ञाचे अर्धे आयुष्य गाळून केलेले स्मारक असेल. गणिताची पहिली ओळख त्यांना उंबरठ्याच्या बाहेरून झाली, तरीही ते तिथपर्यंत पोहोचले, हे माहीत असल्याशिवाय त्यांनी काय मिळवले याचा अंदाज पुढच्या पिढीला येणार नाही. बदनामीचे म्हणाल, तर लेक सिटीचे नाव आज जगात आदराने घेतले जाते ते ग्रंथालयाची हकीकत लपवली नाही म्हणूनच. ती लपवली असती तर आम्हीही त्या गावाविषयी एक वाक्य छापले नसते.

ती शाळेची जुनी इमारत अजून उभी आहे का, हे आपण लिहिलेले नाही. असेल तर पुतळ्याच्या चौथऱ्यावर खर्च करण्याआधी तिचे छप्पर दुरुस्त करून घ्यावे आणि समितीने आपली पहिली बैठक तिथेच भरवावी. चौकातला पुतळा कुठेही उभा राहू शकतो, तो उंबरठा मात्र एकाच जागी आहे. इमारतीत मुलांसाठी वाचनालय किंवा साधी प्रयोगशाळा सुरू करता आली तर उत्तमच, पण ती रोज उघडी राहील आणि तिथे पगार घेणारा माणूस असेल एवढा निधी आधी बाजूला काढावा. कुलूपबंद वाचनालय हे कोणाचेही स्मारक होऊ शकत नाही.

मॅकनेअर यांच्या नावाने अमेरिकेच्या शिक्षण खात्याने एक योजना चालवली आहे आणि माझ्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे स्मारक तेच आहे. ज्यांच्या घरात आधी कोणी पदवीधर झालेले नाही अशा गरीब घरांतील आणि उच्च शिक्षणात ज्यांचे प्रमाण अल्प आहे अशा समाजांतील विद्यार्थ्यांना पीएच.डी.पर्यंत पोहोचता यावे, म्हणून संशोधनाचा अनुभव, मार्गदर्शन आणि आर्थिक साहाय्य देणारी ही योजना शंभराहून अधिक महाविद्यालये-विद्यापीठांत राबवली गेली आहे आणि तिचे विद्यार्थी अभिमानाने स्वतःला ‘मॅकनेअर स्कॉलर’ म्हणवतात. आपल्या समितीला एवढे मोठे काम जमणार नाही, पण दरवर्षी गावातल्या एका मुलीच्या किंवा मुलाच्या विज्ञान शाखेतील शिक्षणाचा खर्च उचलणे पुतळ्याच्या निधीत सहज बसेल.

एक काम मात्र आजच सुरू करावे. त्यांच्याबरोबर शाळेत शिकलेले, त्यांना दाराबाहेर बसलेले पाहिलेले आणि त्या काळी वर्गाच्या आत बसलेले असे जे वृद्ध गावात हयात असतील, त्यांना भेटून त्यांचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे. कार्ल मॅकनेअर बोलले नसते तर ग्रंथालयातल्या त्या दुपारविषयी आज कोणाला काहीच सांगता आले नसते. विशेषतः वर्गाच्या आत बसलेल्यांना आग्रहाने विचारावे, दोषारोप न करता विचारावे, कारण त्यांच्याखेरीज ती बाजू दुसरे कोणी सांगू शकणार नाही. फलकाचा मजकूर या आठवणींवरून तयार करावा. त्यात साल असावे, शाळेचे नाव असावे आणि त्यांना कुठे बसवले जाई हे साध्या वाक्यात असावे. कोणा एका शिक्षकाचे नाव लिहून सगळा दोष त्याच्यावर ढकलू नये, कारण तो रिवाज साऱ्या गावाचा होता. मसुदा झाल्यावर तो आधी त्या शास्त्रज्ञांच्या कुटुंबीयांना आणि त्या वृद्धांना वाचून दाखवावा, त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या कराव्यात आणि त्यानंतरच तो दगडावर कोरायला द्यावा.